पुण्णकाची घंटा

पूर्वी गोदेच्या काठी कालसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ओताऱ्यांच्या कुळात जन्मला आणि पुढे त्यांच्या श्रेणीचा, म्हणजे कारागीर-मंडळाचा, मुख्य झाला. त्याच आळीत पुण्णक नावाचा ओतारी राहत असे. तो गाईगुरांच्या गळ्यातल्या घंटा ओती, आणि चांगल्या ओती.

तरुणपणी त्याला एकच ध्यास होता. पैलतीरी ऐकू जाईल अशी घंटा ओतायची. एकदा त्याने ती ओतलीही. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची गत झाली. निवण्याआधीच त्याने साचा फोडला, नदीवरचा गार वारा तापल्या काशाला लागला आणि घंटेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. ओताऱ्यांच्या आळीत असा तडा माणसालाच चिकटतो. ज्याचे मोठे काम फुटले त्याचा हात फुटका, असे तिथे म्हणत, आणि पुण्णकानेही ते मानून घेतले. केस पांढरे झाले तरी मोठ्या घंटेचे नाव निघाले की तो म्हणे, "मला कुठे हौस आहे?"

एका हिवाळ्यात दाट धुक्यात घाट न दिसून एक नाव खडकावर आदळली आणि माणसे बुडाली. नावाड्यांना दिशा कळावी म्हणून घाटावर मोठी घंटा टांगायचे राजाने ठरवले. काम बोधिसत्त्वाकडे आले. ते पार पडले तर त्याला राजसभेत आसन मिळणार होते, आणि असा मान त्याच्या कुळात आजवर कोणाला मिळाला नव्हता. बोधिसत्त्व उठला आणि पुण्णकाच्या घरी गेला.

"ही घंटा तू ओत," तो म्हणाला.

"थट्टा करू नका, मुख्य. माझा हात फुटका आहे."

"हात धड आहे. तू साचा लवकर फोडलास, एवढेच."

"पुन्हा फुटली तर?"

"तर राजापुढे मी उभा राहीन."

पुण्णक नकाराची मान हलवत राहिला. तेव्हा चुलीपाशी बसलेली त्याची बायको सामा बोलली, "इतकी वर्षं नको नको म्हणता, आणि गाईची घंटा झाली की कानाशी धरून मोठ्या घंटेच्या जाड्या सुरात गुणगुणत बसता. मला काय दिसत नाही होय?"

पुण्णकाला लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर फार बरेही वाटले. त्याने काम घेतले.

त्याने मेणाची घंटा घडवली, तिच्यावर मातीचे थर दिले, मेण वितळवून काढले, साचा खड्ड्यात पुरला आणि त्या पोकळीत कासे ओतले. सारी आळी बघायला लोटली होती. साठी बुद्धी नाठी, असे कोणीतरी म्हणालेच. आता निवेपर्यंत थांबायचे होते.

दुसऱ्याच सकाळी राजाचा अधिकारी आला. "महाराज स्वतः घंटा पाहायला येत आहेत. साचा फोडा."

पुण्णकाने माती उकरली आणि हातोडा उचलला. अधिकाऱ्याचा धाक हे निमित्त होते. तरुणपणी त्याला घंटा पाहायची घाई होती. आता तडा गेलाच असेल तर एकदाचे कळून जावे, याची घाई होती. भ्यालेल्या माणसालाही वाट पाहवत नाही. त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले.

"साचा तुझा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "तू ठरव."

हातोडा काढून घेणे त्याला सोपे होते. त्याने तो घेतला नाही.

पुण्णकाने मातीवर तळहात टेकला. मग त्याने हातोडा खाली ठेवला.

"अजून ऊब आहे," तो अधिकाऱ्याला म्हणाला. "आज नाही."

राजा आला, मातीचा गोळा पाहून संतापला, आणि ते आसन त्याने दुसऱ्या कोणाला दिले. बोधिसत्त्व घरी येऊन जेवला आणि आपल्या कामाला लागला.

माती पुरती गार झाली तेव्हा पुण्णकाने साचा फोडला. घंटा अखंड निघाली. घाटावर टांगल्यानंतर धुक्याची पहिली सकाळ आली, तेव्हा दोरी त्याने कोणाच्या हाती दिली नाही. आवाजाच्या रोखाने नावा एकेक करून घाटाला लागत होत्या. सामा जेवायला बोलवायला आली तर तो दोरी ओढत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"अजून एक नाव यायची आहे," तो म्हणाला.

पुढे कित्येक जन्मांनंतर, भगवंतांच्या संघात उतारवयात प्रव्रज्या घेतलेला एक भिक्खू अडखळत गाथा पाठ करी आणि बाकीचे त्याला हसत. त्यांना ही कथा सांगून भगवंत म्हणाले, "त्या वेळचा पुण्णक म्हणजे हा वृद्ध भिक्खू. सामा म्हणजे याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. साचा फोडा म्हणणारा अधिकारी आज तुमच्यातच बसला आहे, तो स्वतःला ओळखील. आणि श्रेणीचा मुख्य मीच होतो."

दुसऱ्याच्या हातून झालेल्या कामाचा आनंद आपल्या मानापेक्षा मोठा मानणे, याला मुदिता म्हणतात. आणि फुटक्या म्हटलेल्या हाताने पुन्हा ओतणे, याला श्रद्धा.