कपाळाएवढा डाग

"महाराज, हा विटाळ कोणाचा?"

सोमगिरीनं समाधीच्या खोलीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर मठाच्या मूळपुरुषांचं जुनं चित्र होतं. त्यांच्या रंगवलेल्या पावलांवर काळी बुरशी धरली होती. एक पाऊल तर जवळजवळ गेलंच होतं.

तान्हेपणी कोणीतरी सोमगिरीला या मठाच्या पायरीवर ठेवून गेलं. तेव्हापासून बाप म्हणून त्यानं ओळखले ते हेच पाय.

"शहरातल्या तज्ज्ञ बाई काय म्हणाल्या?" मंगळगिरी महाराजांनी विचारलं.

"जिवंत आहे म्हणाल्या. डोळ्यांना न दिसणारे जीव. ओल मिळाली, वर खायला मिळालं, की फोफावतात. मग रंगातला डिंकही सोडत नाहीत."

"आणि तू काय म्हणतोस?"

"गावातली माणसं, दुसरं कोण! शेतातनं येतात ती तशीच आत शिरतात. उद्यापासून दार बंद करा त्यांना."

"भिंतीला हात लावतात?"

"काय बिशाद! मी कठड्याबाहेरच थांबवतो."

"मग?"

"...श्वास तरी सोडतातच की."

महाराज मिशीतल्या मिशीत हसले.

"आणि तू?"

हा प्रश्न सोमगिरीच्या आवडीचा. त्याची छाती फुगली.

"माझं सोवळं कडक, महाराज. पहाटे कपिला गाईचं धारोष्ण दूध. त्यानं पावलं पुसतो, मग मध लावतो. धूळ नको म्हणून झरोकासुद्धा बुजवलाय. शेवटी नमस्कार. एक दिवस चुकलेला नाही."

"कर बघू. रोजचा."

"आत्ता?"

"आत्ता."

सोमगिरी गुडघ्यांवर बसला. डोळे मिटून त्यानं ओल्या गंधाचं कपाळ भिंतीला टेकवलं.

"तसाच थांब... आता डोळे उघड."

त्यानं डोळे उघडले. नाकासमोर काळं. डावीकडे काळं, उजवीकडे काळं. कपाळ डागाच्या बरोबर मधोमध टेकलं होतं.

तो मागे सरकला. चित्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहरा, हात, भगवी छाटी, सगळं अजून लख्ख होतं.

त्याचा हात आपल्या कपाळावर गेला.

"मीच, महाराज," सोमगिरीला हुंदका फुटला. "माझ्या बापाचे पाय मीच त्या जिवांना खाऊ घातले!"

महाराजांनी त्याला पोटाशी धरलं आणि पोटभर रडू दिलं. मग उठून झरोक्यातले बोळे ओढून काढले. खोलीत वारा आला.

सोमगिरीनं डोळे पुसले. "दूध-मध आजपासून बंद. त्या जिवांना मारायचं जहाल औषध आणतो."

"जहाल औषधानं उरलेला रंगही जायचा. मारू नकोस. उपाशी ठेव."

"ठेवतो, महाराज. पण पहाटे नमस्काराला तरी..."

बोलता बोलता तो सवयीनं भिंतीकडे वाकला. मध्ये महाराजांचा तळहात आला. कपाळ त्यावर टेकलं.

महाराजांनी अंगठ्यानं ते ओलं गंध हळूच पुसून टाकलं.

"आधी याला ठेव उपाशी."