हरणांच्या शर्यतीतला राजाचा वाटा

फार पूर्वी एका रानात हरणांच्या शर्यतीवर डाव लागत. पळणाऱ्यांतली पाच हरणं मनाशी आपली म्हणून निवडायची आणि मूठभर बिया मांडायच्या. ज्याची पाच पुढे, ढीग त्याचा. प्रत्येक डावातला चौथा वाटा राजा घेई.

दूरच्या रानात शिकलेल्या शेवरी खारीला वाटलं होतं, या करामुळे खेळ आवरला असेल. परतून पाहते तर सुतारपक्षी सरकारी हुकमाने झाडं बडवत सगळ्यांना डावाला बोलावत होता. घरी आईची ढोली डावांपायी जवळजवळ रिकामी, आणि पावसाळा तोंडावर.

"आई, अगं हा जुगार आहे!"

"जुगार कसला? हरणांची पारख लागते. राजानंच तसं ठरवलंय. आणि हरले तरी चौथा वाटा पाणवठ्याच्या बांधाला जातो. तेवढीच रानाची सेवा!"

शेवरी तडक प्रधान अस्वलाकडे गेली. "डाव बंद करा."

अस्वल हसलं. "विदुषीबाई, बंद केला तर झुडपाआड चोरून खेळतील. आणि बांध काय तुम्ही बांधणार? एवढी कळकळ असेल तर वाटा गोळा करायला तुम्हीच बसा. नियम हवा तो घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवरी त्या जागेवर बसली. ज्याच्या ढोलीत पावसाळ्यापुरत्या बिया नाहीत, त्याचा डाव घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

रांगेत सगळ्यांत पुढे आई होती. "आमची पोरगी आता सरकारात!" ती शेजारणीला कौतुकाने सांगत होती.

शेवरीने आईने पुढे केलेली बियांची मूठ हलकेच मिटली आणि तिला घरी पाठवलं.