खिशात राहिलेली चिठ्ठी

एका गावात गुणाजी शेलार नावाचे बियाण्यांचे दुकानदार राहत. न उगवणारे बी त्यांनी कधी कोणाच्या माथी मारले नाही. मात्र मुलीचे, वैजयंताचे, लग्न जमवताना तिचा रक्तगट निगेटिव्ह असल्याचा कागद त्यांनी कपाटात दडवला. पत्रिकेतले बत्तीस गुण जुळले होते. त्यात हे एक खुसपट कोण काढतो?

रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी ठरले. दवाखान्याची फाइल गुणाजींच्या बगलेतून हलेना. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलेली सुईही त्यांनी "नंतर बघू" म्हणून टाळली. जावयाकडे बोभाटा नको!

सोमवारी सकाळी सातला मुलगा झाला. रक्त तपासून सिस्टरने चिठ्ठी दिली.

"काका, बाळाचं रक्त पॉझिटिव्ह, आईचं निगेटिव्ह. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर तिचं शरीर त्याला वैरी समजतं. हे बाळ सुखरूप आहे. मार बसेल तो पुढच्या बाळाला. अजून काही बिघडलेलं नाही, पण बहात्तर तासांच्या आत अँटी-डीची सुई हवी. ती जिल्ह्याहून बर्फात आणावी लागेल."

इतक्यात विहीणबाई, द्वारकाबाई, जावई दत्तूसोबत नातू बघायला आल्या आणि सुनेच्या खाटेशी ठाण मांडून बसल्या. सुनेला दिलेली प्रत्येक गोळी त्या उलटीपालटी करून बघत.

"कसली हो चिठ्ठी, व्याही?"

"टॉनिकची," म्हणत गुणाजींनी ती खिशात घातली.

विहीणबाई उठतील मग आणू, असा त्यांचा बेत. मंगळवार गेला. विहीणबाई जेवायलाही उठल्या नाहीत. बुधवारी दुपारी सिस्टर कानाशी येऊन म्हणाली, "उद्या सकाळी सातला मुदत संपते. जाऊन यायला पाच तास लागतात."

गुणाजींनी लेकीकडे पाहिले. ती बाळाला पाजत होती आणि बापाकडेच बघत होती. लाज मोठी की पुढचे नातवंड, हा हिशेब अवघड नव्हता.

"विहीणबाई, मी तुम्हाला फसवलं," ते एकदाचे म्हणाले आणि चिठ्ठी पुढे केली.

द्वारकाबाईंनी ती दोनदा वाचली.

"आमचा दत्तू एकुलता एक का, विचारलंत कधी? त्याच्यामागून दोन झाली. दोन्ही पिवळी पडून गेली. माझंही रक्त निगेटिव्ह, हे मागाहून कळलं. मला चिठ्ठी द्यायला कोणी नव्हतं, व्याही. तुम्ही मिळालेली खिशात घालून बसलात?"

त्यांनी चिठ्ठी गुणाजींच्या हातात परत ठेवली.

"दत्तू, गाडी काढ!" त्या कडाडल्या. "आणि यांना बरोबर ने. इथे बसून काय उजेड पाडणार!"

संध्याकाळी सहाला सुई टोचली गेली.

तात्पर्य: रक्तगट ही खोट नव्हे, तो लपवणे ही खोट. गरोदरपणी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील ती सुई वेळेत टोचून घ्यावी. आपली अब्रू वाट पाहू शकते, बहात्तर तास पाहत नाहीत.