नवरंगाची हद्द

"मग माझं चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा ना, अण्णा!"

भिकूअण्णा गुरव देवळाच्या पायरीवर बसून वाती वळत होते. देवराईतल्या देवाची पूजा त्यांच्याकडे. समोर त्यांचा शिष्य, निशिकांत. नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखायला तो बारा वर्षांपूर्वी याच पायरीवर शिकला होता. आता शहरात त्याचं नाव झालं होतं. वर्तमानपत्रं त्याला पक्षिमित्र म्हणत. पक्ष्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"उद्या पंधराजण येतायत. लांबून, कॅमेरे घेऊन. त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घाला, एवढंच म्हणतोय मी."

गावचा रिवाज होता तो. परका माणूस राईत शिरण्याआधी गुरवाने त्याच्या वतीने देवापुढे उभं राहायचं. अमका आलाय, त्याला सांभाळून घे, असं सांगायचं. त्याशिवाय गावातला एकही माणूस राईची वाट दाखवत नसे.

"यंदा नाही."

"अहो, पण का? आम्ही फांदी मोडत नाही. घरट्यापासून वीस हात लांब बसतो. मोबाइलवर नवरंगाची शीळ लावतो. तो येतो, समोर बसतो, आम्ही फोटो काढतो. संपलं! पाखराला आमचं बोटसुद्धा लागत नाही."

"तो येतो कशाला?"

"आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटतं त्याला. तुम्हीच शिकवलंत की."

"घरट्यात पिलं आहेत?"

"चार! तीनच दिवसांची. म्हणून तर सगळ्यांना घाई झालीय."

"आज कितीदा लावलीस शीळ?"

"उजाडल्यापासून... मोजलं नाही."

राईतून दोन सुरांची शीळ आली. लगेच पुन्हा आली. निशिकांतचा मोबाइल कधीचाच बंद होता.

अण्णांनी वाती डब्यात ठेवल्या. "काही खाल्लेलं दिसत नाही तू. चल, घरात बस."

घर देवळाला लागूनच. ओटीवर ताट आलं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर कांदा. निशिकांतने घास मोडला.

"गाडीपाशी कोण आहे रे?" अण्णा म्हणाले.

गाडी खालच्या वळणावर उभी होती. कॅमेरे, भिंगं, सगळं तिच्यात. निशिकांत उष्ट्या हाताने धावला.

कोणी नव्हतं.

तो परत आला. हात धुतला, बसला, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला.

"दार वाजलं बघ गाडीचं."

तो पुन्हा धावला. चारी दारं ओढून पाहिली. गाडीखाली वाकून पाहिलं. करवंदीच्या जाळीत दगड मारला.

कोणी नव्हतं.

तिसऱ्यांदा तो बसला, पण पाठ भिंतीला टेकवली नाही. कान वळणाकडे. घास हातातच राहिला.

"कोणीतरी खाकरलं..." अण्णा हळूच म्हणाले.

या वेळी तो बराच वेळ आला नाही. गाडीभोवती फेऱ्या घालत, कोणालाच नाही अशा शिव्या देत राहिला. वर आला तेव्हा कावळा ताटातली उरलेली भाकरी उचलून कौलांवर जाऊन बसला होता. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी त्याला हाकललं नव्हतं.

"अण्णा! खाली कोणीही नाही!"

"बरं."

"कोणी नव्हतंच! खोटं बोललात तुम्ही! तुम्ही! आयुष्यात कधी ऐकलं नाही तुमच्या तोंडून."

"नवीन विद्या आहे. तुझ्याकडूनच शिकलो."

"ही काय थट्टा झाली?"

"गाडीला कोणाचा हात लागला?"

"नाही!"

"तुला बोट लागलं कोणाचं?"

"नाही!"

"मग ओरडतोस कशाला एवढा?"

कौलांवर कावळा चोच पुसत होता. निशिकांत ताटाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. नवरंगाची शीळ पुसली. हळद्याची पुसली, तांबटाची पुसली. वर्षानुवर्षं जमवलेली सगळी पाखरं एकेक करून पुसली आणि रिकामा पडदा अण्णांपुढे धरला.

"नाही लावणार. उद्याच्या लोकांनाही लावू देणार नाही. त्यांचे मोबाइल इथे ओटीवर ठेवून घेतो. आता तर घालाल ना गाऱ्हाणं?"

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ते राईकडे कान लावून होते.

राईत शीळ चालूच होती. दोन सूर. थांबून पुन्हा दोन सूर. आवाज आता चिरकला होता, आणि घरट्यापासून पार दूर, राईच्या दुसऱ्या टोकाकडून येत होता.

"दोन तास झाले, अण्णा. मी कधीच बंद केलंय..."

"देवाला काय सांगायचं ते मी सांगेन," भिकूअण्णा म्हणाले. "त्या पाखराला तू जाऊन सांग, दुसरा कोणी आलाच नव्हता म्हणून."