जादाचा एक

एका शहरात हेमंत उकिडवे नावाचा इंजिनिअर होता. इस्पितळांचे एक्स-रे ज्या डिस्कवर साठतात, तिला सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तो लिहायचा. नियम साधा होता. कुणी डिस्क वापरायला घेतली की आकडा एकने वाढवायचा, काम संपलं की एकने उतरवायचा. शून्य झालं तरच डिस्क काढायची.

पण कुठेतरी चूक होती. एकाच कामाचा आकडा कधीमधी दोनदा उतरायचा. वापर चालू असताना शून्य दिसायचं, डिस्क सुटायची आणि अख्खा संगणक कोसळायचा.

असली चूक शोधायची म्हणजे डोळे फुटेस्तोवर वाचायचं. हेमंतला आला कंटाळा. त्याने सुरुवातीलाच आकड्यात एक जादा टाकून दिला, म्हणजे एखादा दोनदा उतरला तरी शून्य व्हायचं नाही. सोबत काम करणारी मीनल टिळेकर म्हणाली, की हे दुखणं बरं झालं नाही, नुसतं झाकलंय. त्याने हसण्यावारी नेलं. कोसळणं थांबलं, साहेबांनी पाठ थोपटली.

मग एका इस्पितळातून तंत्रज्ञ सुमती कोळंबकरांचा फोन आला. डिस्क बिघडत चालली होती, ताबडतोब बदलायला हवी होती. पण आकडा एकवर अडून बसलेला. ऑपरेशनच्या टेबलावर एक लहान मुलगी होती आणि तिच्या मणक्याचे एक्स-रे याच डिस्कवर यायचे होते.

"साहेब, हा एक म्हणजे खरंच कुणी लिहितंय का? ओढू का डिस्क?"

हेमंतने मनात हिशोब मांडला. तो एक त्याचाच जादाचा असेल, तर खुशाल ओढावी. पण मधे एकदा जरी आकडा दोनदा उतरला असेल, तर जादाचा केव्हाच संपला. मग उरलेला एक त्या मुलीचा, तिचे एक्स-रे आत्ता लिहिले जात असणार. 'ओढा' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. नशिबाने निभावलंही असतं.

"नका ओढू," तो म्हणाला. "मला सांगता येत नाही. तो आकडा मीच खोटा करून ठेवलाय."

सुमती हळूच म्हणाल्या, "तुम्हालाच माहीत नाही, तर मी कुणाला विचारू?"

सगळी यंत्रणा बंद करावी लागली. भूल दिलेल्या मुलीला ऑपरेशन न करताच शुद्धीवर आणलं. काय चुकलं ते तिच्या आईला सांगायला हेमंत स्वतः गेला. तिने एवढंच विचारलं, की पोरीला आता पुन्हा उपाशी ठेवायचं का.

तात्पर्य: चूक शोधायची सोडून जो ती झाकतो, त्याला ऐनवेळी खरं बोलायचं असलं तरी खरं काय ते ठाऊक नसतं.