काचघरातली कामिनी

येसूच्या आईचा ताप काही केल्या उतरत नव्हता. काढे झाले, कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या झाल्या, आणि शेवटी वैद्यबुवांनी नाडी बघून नुसतीच मान हलवली. घरात दुसरं माणूस नाही. मग आईचं काम येसूनंच अंगावर घेतलं. टेकडीवरच्या मोठ्या बंगल्यात माईसाहेबांच्या झाडांना पाणी घालायचं. पोर एवढीशी, झारी तिच्याहून जड, पण झाडांवर तिचा भारी जीव. पिवळं पान दिसलं की "काय गं, बरं नाही का?" असं विचारायची आणि खरोखर उत्तराची वाट बघत बसायची.

येसू आल्या आल्याच माईसाहेबांनी बजावलं, "काचघरातल्या कामिनीला नुसतं वरून पाणी शिंपड. तिची कुंडी हलवायची नाही, मातीला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो, माईसाहेब."

काचघर म्हणजे बंगल्याच्या आतली काचेची खोली. हिरवा हिरवा उजेड, जणू तळ्याच्या तळाशीच उभे आहोत. मधोमध मेजावर निळीशार पसरट कुंडी, आणि तिच्यात वीतभर उंचीची कामिनी. खोड जुन्या झाडासारखं पिळदार, पानं मात्र इवली इवली, तुकतुकीत. शेंड्यावर एकच पांढरंशुभ्र फूल. किती गोड! पण तिथं माशीसुद्धा गुणगुणत नव्हती. टोपलीत मांजराचं पिटुकलं पिल्लू डोळे मिटून पडलं होतं, आणि झोपाळ्यावर गुलाबी झग्यातली एक मुलगी बसली होती, येसूच्याच वयाची.

"तू नवीन का गं?" तिनं मान तिरकी करून विचारलं.

"हो. मी येसू."

"मी इंदू. माझी आई आत्ता येईल हं."

दुसऱ्या दिवशी येसू आली, तर इंदूनं तश्शीच मान तिरकी केली. "तू नवीन का गं?" त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तेच हसू, तोच झगा. पिल्लाचे डोळे अजून मिटलेलेच. येसूच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पळून जावंसं वाटलं, पण पाणी शिंपडल्याशिवाय कसं जायचं? तिनं पाणी घातलं, तर ते मातीत मुरेचना. माती दगडासारखी घट्ट झालेली. मुळं वर येऊन एकमेकांना विळखे घालून बसलेली. खोडाला वळण द्यायला गुंडाळलेली तांब्याची तार सालीत रुतली होती.

"आई गं! किती दुखत असेल तुला," येसू पुटपुटली.

"दुखतंय तर!" पानांतून बारीक आवाज आला.

फांदीवर अंगठ्याएवढी परी बसली होती. पंख शिंपल्याच्या आतल्या रंगाचे, चमचमणारे. पण तीच तार तिच्या नाजूकशा कमरेतही रुतली होती.

"भिऊ नकोस, बाळ. मी या झाडाची परी. हे फूल खुडून ज्याचं नाव घेशील, ते तुझ्याजवळ राहील. कध्धी जाणार नाही."

येसूचा हात लगेच पुढे झाला. "माझी आई..."

"थांब! आधी नियम ऐक. या घरच्या बाईनं ऐकलाच नाही, त्याआधीच फूल खुडलं. फुलाला बरं करता येत नाही गं, फक्त धरून ठेवता येतं. धरलेलं जसं असतं तसंच राहतं. वाढत नाही, बदलत नाही. इंदूनं मोठी होऊन आपल्याला सोडून जाऊ नये, असं माईसाहेबांनी मागितलं. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. इंदू नाही गेली बघ, आणि तेव्हा तिच्या मांडीवर असलेलं ते पिल्लूही."

येसूनं हात मागे घेतला. "म्हणजे आई मरणार नाही, पण..."

"तापातच राहील. डोळे मिटून, कण्हत. कायमची."

येसूनं फुलाकडे पाहिलं.

"हे शेवटचं फूल," परी म्हणाली. "या मातीत माझा जीव गुदमरतोय. झाड वाळलं की मी वाळेन, इंदूही वाळेल. गुंतलेली मुळं छाटून माती बदललीस तर आम्ही सुटू. पण मुळं छाटल्यावर झाडाला फुलाचा भार सोसत नाही. फूल आधी खुडून टाकावं लागेल. काहीही न मागता."

येसू खूप रडली. आई हवी होती तिला, कशीही चालली असती. पण कण्हणारी आई डोळ्यांसमोर आली, झोपाळ्यावरची इंदू दिसली. तिनं दातांखाली ओठ घट्ट धरला, चुकूनसुद्धा नाव बाहेर पडू नये म्हणून, आणि फूल खुडून जमिनीवर ठेवलं. बघता बघता ते विरून गेलं.

मग तिनं मेजावरची झाडं छाटायची कात्री उचलली.

"खाली ठेव ती!" दारात माईसाहेब उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "मुळं कापलीस तर माझी इंदू जाईल!"

"नाही कापली तर जाईल, माईसाहेब. झाड वाळतंय, बघा ना." येसू मागे सरली नाही. "माझी आई मला रोज रागवते. चिखलात खेळले म्हणून, जेवले नाही म्हणून. तुम्ही इंदूला शेवटचं कधी रागावलात हो?"

माईसाहेबांनी आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. इंदूनं त्यांच्याकडे बघून मान तिरकी केली, त्याच गोड हसण्यानं, आणि त्या मोठ्या बाई लहान मुलीसारख्या हुंदके देऊ लागल्या. मग डोळे पुसून त्या पुढे आल्या.

"मी कुंडी धरते," त्या म्हणाल्या. "तू सांग काय करायचं ते."

आईनं शिकवलेलं सगळं येसूला येत होतं. तिनं रुतलेली तार ओढली नाही, तुकडे तुकडे करून अलगद सोडवली. झाड वर उचललं, तेव्हा खोलीभर कुणीतरी लांब सुस्कारा टाकल्यासारखं झालं. काडीनं जुनी माती विंचरून काढली. कुजलेली काळी मुळं छाटली, विळखा घालणारी लांब मुळं आखूड केली, पांढरी कोवळी मात्र जपली. एकेक मूळ तुटलं की झोपाळा आपोआप करकरायचा. माईसाहेब डोळे मिटून घ्यायच्या, पण कुंडी सोडत नव्हत्या.

तळाच्या भोकांवर जाळी, तिच्यावर खडी, मग बागेतली भुसभुशीत नवी माती. झाड बसवून येसूनं सावकाश पाणी घातलं. या खेपेला ते मुरलं, आणि खालून थेंब थेंब टपकू लागलं.

टोपलीतल्या पिल्लानं डोळे उघडले. माशी गुणगुणली.

"आई!" झोपाळ्यावरून इंदू ओरडली. "आई, माझा दात हलतोय!"

माईसाहेबांनी धावत जाऊन तिला कवटाळलं. हसू की रडू, त्यांना कळेना.

परी पंख झटकून उभी राहिली. "काही दिवस या कामिनीला सावलीत ठेव. खत एवढ्यात नको. नवी पालवी फुटली की कोवळं ऊन दाखव." मग तिनं येसूच्या ओंजळीत एक टपोरा थेंब ठेवला, आतून सोनेरी. "हा आईच्या ओठांवर सोड. हा धरून ठेवणारा नाही, बरं करणारा आहे. तो मागून मिळत नाही. सुटलेली परीच तो देऊ शकते."

खोलीभर लख्ख पांढरा उजेड पसरला, कामिनीचा घमघमाट सुटला, आणि फांदी रिकामी झाली.

येसू ओंजळ सांभाळत टेकडी उतरली. दिवेलागणीला घरी पोचली आणि तिनं थेंब आईच्या ओठांवर सोडला. आईच्या कपाळावर दरदरून घाम आला. ताप उतरला. आईनं डोळे उघडले, लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय गं हे हात! आधी धुऊन ये बघू. आणि हा परकर? आखूड झाला की गं! कधी एवढी वाढलीस तू?"