पाटकरी आणि मोकळा केलेला फोन

एका कालव्याच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक पाटकरी होता. कालव्याचं पाणी चाळीस शेतांना बारीबारीने सोडायचं, हे त्याचं काम. पाटावरच्या लोखंडी दारांची चावी त्याच्या कमरेला असे. आदल्या दिवशी तो ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप पाठवी, की उद्या अमुक वाजता तुमची बारी. मग शेतकरी शेतात हजर राहून पाणी वाफ्यावाफ्यांत वळवून घेई.

पाटकऱ्याचा फोन जुना होता. कंपनीकडून अपडेट आलं की तो न वाचता ‘नंतर’वर बोट ठेवी. मागच्या अपडेटने अक्षरं बारीक झाली होती, तो राग त्याच्या मनात होता. शिवाय फोन पुरता भरला होता. एक निरोप लिहीपर्यंत चहा निवायचा.

बाजारच्या दिवशी तो फोन दुरुस्त करणाऱ्याकडे गेला.

दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, दोन वाटा आहेत. एक, थोडी जागा करून कंपनीचं अपडेट घ्या. दुसरी, फोन रूट करा. म्हणजे कंपनीने लावलेलं आतलं कुलूप काढायचं. मग नको ते काढा, हवं ते घाला. फोनवर हुकूम तुमचा.”

“आणि कंपनीचं अपडेट?”

“ते मग येईलच असं नाही. राखण तुमची तुम्ही करायची.”

पाटकऱ्याच्या कानात ‘हुकूम तुमचा’ एवढंच राहिलं. “काढा कुलूप,” तो म्हणाला.

फोन वाऱ्यासारखा पळू लागला. पाटकरी पारावर बसून तो चारचौघांना दाखवी. मात्र आता प्रत्येक नवं अ‍ॅप विचारत असे, ‘सर्व अधिकार द्यायचे का?’ पाटकरी ‘हो’ म्हणे. हवामान सांगणारं एक अ‍ॅप त्याने कुठूनसं घेतलं, त्यालाही ‘हो’ म्हणाला. ते अ‍ॅप त्याच्या नकळत शेकडो अनोळखी लोकांना जाहिराती पाठवू लागलं. तेव्हा सिमवाल्यांनी त्याच्या नंबरावरून जाणारे निरोपच बंद केले.

पाटाच्या शेवटच्या टोकाला एका बाईचं शेत होतं. त्यात उन्हाळी भुईमूग, शेंगा भरायचे दिवस. ती राहायची पलीकडच्या वाडीत. पाटकऱ्याने तिला निरोप पाठवला. निरोपाखाली तो न गेल्याची तांबडी खूण उमटली, ती त्याने पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या शेताकडचं पाटाचं दार उघडलं आणि तो पुढच्या कामाला गेला. पाणी वळवायला कुणी नव्हतं. तीन तासांचं पाणी सरळ ओढ्याला मिळालं.

बाई आली तेव्हा वाफे कोरडे होते. “भाऊ, पुढची बारी एकवीस दिवसांनी,” ती म्हणाली. “तोवर शेंगांनी काय माझ्या तोंडाकडे बघायचं?”

पाटकऱ्याने फोन काढला तेव्हा ती तांबडी खूण त्याला दिसली, आणि तो तडक बाजारात गेला. “तुम्ही माझा फोन बिघडवला.”

“मी कुलूप काढलं. आत कोण घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत.” दुरुस्तीवाल्याने फोन पाहिला आणि हवामानाच्या अ‍ॅपवर बोट ठेवलं. “काका, मेव्हण्याने पाटाची चावी मागितली तर देता?”

“सख्ख्या भावाला देत नाही.”

“मग हे हवामानवालं तुमचं कोण लागतं?”

पाटकऱ्याचा हात कमरेच्या चावीकडे गेला. “पूर्वीसारखा करा,” तो म्हणाला. फोन पूर्वीसारखा झाला, सिमवाल्यांनी निरोपही पुन्हा चालू केले, पण फोनमधले सगळे नंबर पुसले गेले.

बाईला मधेच पाणी द्यायचं, तर गावाची रीत अशी की चाळीसही जणांची संमती हवी. एकानेही नाही म्हटलं, तर बारीचा क्रम मोडता येत नाही. पाटकरी वही घेऊन दारोदार फिरला. प्रत्येकाला त्याने स्वतःची चूक सांगितली, तीन तास मागितले आणि नंबरही लिहून घेतला. यात चार दिवस गेले.

शेवटचा राहिला ऊसवाला. “हौस तुमची आणि तहान माझ्या उसाला?” तो म्हणाला.

“चूक माझीच आहे,” पाटकरी म्हणाला. “तिच्या शेंगांची नाही.”

ऊसवाल्याने वही ओढून घेऊन आपला नंबर लिहिला. मग म्हणाला, “तीनच तास. आणि पुन्हा असं झालं, तर पाटावर दुसरा माणूस बघू.”

बाईच्या शेताला पाणी मिळालं. निम्म्या शेंगा भरल्या, निम्म्या पोचट निघाल्या.

पुढचं अपडेट आलं तेव्हा पाटकऱ्याने चष्मा लावून ते सगळं वाचलं, मगच घेतलं. अक्षरं मोठी कशी करायची, तेही त्याला त्यातच सापडलं. बाई म्हणाली, “निरोप पाठवाच, भाऊ. पण वाडीवरून जाताना एक हाकही मारत जा.”

तात्पर्य: आपल्या वस्तूवर आपला हुकूम असावा असं वाटणं गैर नाही, पण कुलूप काढणाऱ्याने राखणीला बसायचं असतं. ते जमणार नसेल, तर दुसऱ्याने लावलेलं कुलूप राहू देण्यात कमीपणा नाही.